फिश टँकमध्ये खडी कुठली घालावी, आणि ती साफ कशी ठेवावी?

सुमेधा_ठाणे
नमस्कार मंडळी. घरी अडीच फुटी टाकी आली आहे. ७५ सेंमी लांब, ३० रुंद, ३८ उंच. स्टँड, झाकणातला दिवा, फिल्टर सगळं तयार आहे, पण तळाशी काय घालायचं यावर घोडं अडलंय.

दुकानात तीन प्रकार दाखवले: निळे-गुलाबी रंगीत खडे, पांढरेशुभ्र संगमरवरी तुकडे आणि करड्या-तपकिरी रंगाची बारीक, गुळगुळीत खडी. लेकीला निळे हवेत, नवऱ्याला पांढरे. दुकानदार म्हणाला, कुठलेही घ्या, फक्त महिन्यातून एकदा सगळे बाहेर काढून खसाखसा धुवा. शेजारच्या काकू म्हणतात खड्यांना हातही लावू नका, टाकीचा जीव त्यातच असतो. आता खरं काय?

पाणी महापालिकेचं, पण उन्हाळ्यात सोसायटी त्यात बोअरचं मिसळते. मासे अजून आणलेले नाहीत. लेकीच्या डोक्यात गोल्डफिश आहेत.

खडी कुठली, किती किलो, थर किती जाड आणि साफसफाई कशी, एवढं सांगा.

पेठकर
निळे घ्या. लेक खूश तर घर खूश.

मत्स्यगंधा
सुमेधाताई, आधी मासे ठरवा, मग खडी. बहुतेक लोक उलटं करतात आणि मग माशांना त्या खडीशी जुळवून घ्यावं लागतं.

गोल्डफिश दिवसभर तळ उकरतो. खडा तोंडात घ्यायचा, चघळायचा, थुंकायचा, हा त्याचा स्वभावच आहे. खडा नेमका त्याच्या तोंडाच्या मापाचा असला तर घशात अडकतो. म्हणून गोल्डफिशला एक तर बारीक वाळू द्या, नाहीतर तोंडात मावणारच नाहीत असे मोठे गोटे. दुकानात सर्रास मिळणारी पाच-सात मिलिमीटरची खडी त्याच्यासाठी सगळ्यात वाईट.

कोरी (कोरिडोरास) ठेवणार असाल तर वाळूच. त्यांच्या ओठांशी नाजूक मिशा असतात, त्यांनी ते तळातलं अन्न शोधतात. धारदार खडीवर आणि त्याहूनही जास्त घाणेरड्या तळावर त्या मिशा झिजतात, सडतात. लोचचंही तसंच, त्याला मऊ तळात घुसायला आवडतं.

गप्पी, प्लॅटी, मॉली, टेट्रा, बार्ब हे मधल्या-वरच्या पाण्यात पोहणारे. त्यांना दोन ते चार मिलिमीटरची गोलसर खडी उत्तम.

रंगाबद्दल एक सांगते. पांढऱ्या तळावर मासे फिके पडतात. खालून उजेड परावर्तित झाला की बरेच मासे आपला रंग उतरवतात, ती त्यांची लपण्याची रीत आहे. गडद तळावर तोच मासा आठवड्याभरात खुललेला दिसतो. पांढऱ्यावर घाणही लगेच दिसते, हा मात्र एक फायदा.

दगडू_पुणेकर
संगमरवराला माझा विरोध आहे, आणि तो रंगामुळे नाही. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाण्यात तो हळूहळू विरघळतो, पाणी जड होतं आणि सामू (पीएच) वर चढतो. आफ्रिकेतल्या मालावी तलावातले सिक्लिड पाळणारे लोक मुद्दाम असे दगड किंवा प्रवाळाचा चुरा घालतात, कारण त्या माशांना ७.८ ते ८.६ सामूचं पाणी लागतं. निऑन टेट्राला ते मानवत नाही.

ओळखायचं कसं? कोरड्या खड्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका आणि कान जवळ न्या. फसफसलं, बुडबुडे आले तर कार्बोनेट आहे. व्हिनेगर सौम्य असतं, त्यामुळे बुडबुडे बारीक येतात. नीट उजेडात बघा. संडास धुवायचं ॲसिड वापरलं तर खात्री लगेच होते, पण ते उघड्या हवेत, हातमोजे घालून, आणि तपासलेला खडा परत टाकीत टाकायचा नाही.

आपल्याकडचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, पाण्याशी काही करत नाही. मात्र दख्खनच्या बेसाल्टमध्ये जुन्या वायूच्या पोकळ्या असतात आणि त्यात पांढरी खनिजं भरलेली असतात. काहींत झिओलाइट, काहींत कॅल्साइट. पुणे, नाशिक, जळगावकडच्या खाणींतले झिओलाइटचे स्फटिक जगभरातल्या संग्रहालयांत आहेत. झिओलाइट व्हिनेगरला दाद देत नाही, कॅल्साइट फसफसतं. म्हणून काळ्या खडीत पांढरे ठिपके दिसले तर थेंब त्या ठिपक्यांवर टाकून बघा, नुसत्या काळ्या भागावर नको.

आणि क्रशरची खडी घेऊ नका. बांधकामावरची कच स्वस्तात मिळते, पण तिच्या कडा धारदार असतात. पाण्याने झिजून गोल झालेलीच घ्या.

रानवारा
आता व्हिनेगरची बाटली घेऊन दुकानात जायचं आणि खड्यांना कान लावून बसायचं. दुकानदार पुढच्या वेळी शटर ओढून घेईल.

दगडू_पुणेकर
@रानवारा, मूठभर खडे घरी आणून बघा की! दुकानदार देतात.

नाना_सातारकर
मी बरीच वर्षं मासे पाळतोय, सुरुवात केली तेव्हा ही बाटल्यांतली औषधं नव्हती. दर महिन्याला टाकी रिकामी करायची, खडे घमेल्यात घेऊन उन्हात वाळवायचे, परत भरायचे. माझे एंजल वर्षानुवर्षं जगले. काकूंचं 'हात लावू नका' मला पटत नाही. घाण ती घाणच.

सूक्ष्मजीवी
नाना, आदर ठेवून असहमत.

मासे श्वासावाटे आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. तो विषारी आहे. खड्यांवर, फिल्टरच्या स्पंजवर, काचेवर जिवाणूंचा पातळ थर जमतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी, आणि ते पाणी बदलून काढता येतं. दुसऱ्या टप्प्याचं श्रेय आधी नायट्रोबॅक्टरला दिलं जायचं. १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्यांवर झालेल्या अभ्यासात ते काम नायट्रोस्पायरासारखे जिवाणू करतात असं दिसलं.

नव्या टाकीत ही वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. खडे नळाच्या क्लोरिनच्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवले की ती वस्ती मेली. मग मासे पुन्हा पहिल्या दिवसाच्या पाण्यात. "काल टाकी धुतली आणि आज मासे मेले" ही तक्रार इतकी ऐकू येते ती यामुळेच.

काकूंचं अर्ध बरोबर आहे. जीव खड्यांवर असतो, पण खड्यांच्या *मधे* जे साचतं ती माशांची विष्ठा आणि सडकं अन्न असतं. ते काढायलाच हवं. खडे जागेवर ठेवून.

नाना_सातारकर
मग माझे मासे का नाही मेले? हे सांगा.

सूक्ष्मजीवी
टाकी केवढी होती, मासे किती आणि फिल्टर कुठला?

नाना_सातारकर
चार फुटी. सहा एंजल. कोपऱ्यात स्पंज फिल्टर. स्पंज मात्र मी कधी नळाखाली धरला नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचो.

सूक्ष्मजीवी
तुमच्या माशांना त्या स्पंजने वाचवलं, नाना. मोठी टाकी, मोजके मासे आणि स्पंजवरचे जिवाणू शाबूत. खडे धुतले तरी उरलेली वस्ती पुरेशी होती. हेच दीड फुटी टाकीत दहा गोल्डफिश ठेवून केलं असतं तर जमलं नसतं.

नाना_सातारकर
हे पटलं. स्पंज त्या पाण्यातच पिळायचा हे मला माझ्या मोठ्या भावाने शिकवलं होतं, पण त्यामागचं कारण त्यालाही माहीत नव्हतं.

कोल्हापूरकर_पंडित
अंडरग्रॅव्हल फिल्टरवाले कोण आहेत का इथं? पूर्वी प्रत्येक दुकानात हेच मिळायचं. तळाला जाळीदार प्लेट, तिच्यावर खडी, कोपऱ्यातल्या उभ्या नळीतनं हवा सोडायची. हवा वर चढली की खडीतनं पाणी खाली ओढलं जातं आणि सगळी खडीच फिल्टर बनते. स्वस्त आणि मस्त.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, त्याला वाळू चालत नाही, जाळीत अडकते. तीन ते पाच मिलिमीटरची खडी आणि किमान दोन-अडीच इंच थर पाहिजे. दुसरं म्हणजे लोडशेडिंग. पंप बंद पडला की खडीतलं पाणी थांबतं, आतला प्राणवायू जिवाणूच खाऊन टाकतात आणि मग स्वतःच मरायला लागतात. तास-दीड तासानं काही बिघडत नाही. पण रात्रभर लाईट नसली आणि सकाळी पंप चालू केला तर तळातलं सगळं घाण पाणी एकदम वर येतं. आमच्या गल्लीत एकाची आख्खी टाकी अशी गेली. लांबलचक वीज गेली असेल तर आधी नळीनं तळ साफ करा, थोडं पाणी बदला, मगच पंप लावा. बॅटरीवरचा छोटा पंप मिळतो, तो घरात ठेवाच.

एकलव्य
खडी हवीच कशाला? नुसती काच ठेवा. विष्ठा दिसते, पटकन ओढून घेता येते, उरलेलं अन्न कळतं. डिस्कस पाळणारे, पिल्लं वाढवणारे सगळे तळ मोकळाच ठेवतात. जिवाणूंना जागा हवी तर फिल्टरमध्ये सिरॅमिकच्या नळ्या भरा.

मत्स्यगंधा
@एकलव्य, पिल्लांच्या आणि आजारी माशांच्या टाकीत मीही खडी घालत नाही. दिवाणखान्यातल्या टाकीचं वेगळं. खालच्या काचेत प्रतिबिंब दिसतं आणि काही मासे त्याने बिचकतात. वनस्पतींना मुळं रोवायला काही नसतं. शिवाय तळात खुडबुड करणं ही कित्येक माशांची दिवसभराची करमणूक असते. ती काढून घ्यायची आणि वर मासा एका कोपऱ्यात उभा राहतो म्हणून काळजी करायची, हे मला बरोबर वाटत नाही.

एकलव्य
हे खरं आहे. माझा मुद्दा पिल्लांच्या टाकीपुरता धरा.

सुमेधा_ठाणे
केवढी माहिती! व्हिनेगरची परीक्षा केली. दुकानातून तिन्हीचे नमुने आणले होते. संगमरवर फसफसला, करडी खडी शांत. निळ्या खड्यावर थेंब टाकून कापसाने पुसलं तर कापूस निळा झाला. लेकीनेच बघितलं आणि स्वतःहून म्हणाली, "मग मासे पण निळे होतील का?"

दोन प्रश्न. एक, किती किलो घेऊ? दुकानदार पंचवीस म्हणतोय. दोन, बोअर मिसळलेल्या पाण्याने काही फरक पडतो का? सोसायटीतल्या एकांनी टीडीएसचं यंत्र बुडवून आकडा सांगितला, पण त्याचं करायचं काय ते कळलं नाही.

गणितमास्तर
लांबी गुणिले रुंदी गुणिले थराची जाडी, सगळं सेंमीमध्ये, भागिले १०००. एवढे लिटर खडी. लिटरला साधारण दीड किलो धरा.

तुमचं: ७५ × ३० × ५ = ११,२५० घन सेंमी, म्हणजे सव्वाअकरा लिटर. गुणिले दीड, सुमारे १७ किलो. दोन इंचांचा थर होईल. वनस्पती लावणार असाल तर मागे तीन इंच आणि पुढे दीड इंच असा उतार द्या, तेव्हा १८-१९ किलो लागेल. पंचवीस किलोत जवळपास तीन इंचांचा सपाट थर बसेल, तो कशाला?

वजनाचंही बघा. टाकी काठोकाठ भरली तर ८५ लिटर पाणी, वर खडी, वर काच. शंभर किलोच्या पुढे जातं. स्टँड डुगडुगत असेल तर खडी भरण्याआधीच ठीक करा, आणि टाकीखाली थर्माकोलचा पत्रा टाका.

सूक्ष्मजीवी
टीडीएसचा आकडा पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत तेवढंच सांगतो, कुठले ते सांगत नाही. मिठाचं पाणी आणि चुन्याचं पाणी दोन्हींचा आकडा सारखा येऊ शकतो. त्यापेक्षा बादलीच्या कडेला, नळाच्या तोटीवर पांढरा थर जमतो का ते बघा. जमत असेल तर पाणी जड.

पाणी मुळातच जड असेल तर निऑन टेट्रा, डिस्कस यांच्या नादी लागू नका. गप्पी, प्लॅटी, मॉली यांना जड पाणी आवडतं. पाण्याला मासे जुळवणं माशांना पाणी जुळवण्यापेक्षा कितीतरी सोपं.

टेम्सकाठी
लंडनमध्ये नळाचंच पाणी जड, किटलीत चुना साचतो. इथले आमचे मराठी शेजारी प्लॅटी पाळतात, झकास चाललंय. इकडे बरेच लोक मुलांच्या खेळायच्या वाळूच्या पिशव्या आणून टाकीत वापरतात. धुवायला फार वेळ लागतो, पण वाळू स्वच्छ आणि बारीक निघते.

कोकणकन्या_मालवण
समुद्राची वाळू कुणी आणू नका हं. आमच्याकडे पाहुणे येतात आणि पुळणीवरची वाळू पिशवीत भरून टाकीसाठी नेतात. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजे परत कॅल्शियम कार्बोनेट. दगडूंचं व्हिनेगर घातलं तर चांगलीच उसळेल. मीठ धुऊन जातं, शिंपले जात नाहीत.

वनस्पतीवाल्यांसाठी मात्र आमच्या जांभ्याची शिफारस करते. जांभा दगडाची माती लोहाने भरलेली. टाकीतल्या वनस्पतींना मुळाशी लोह हवं असतं म्हणून परदेशात जांभ्याचा चुरा पुड्या बांधून विकतात. इथे तो पायाखाली आहे. वाळवलेली, चाळलेली माती अगदी पातळ थरात तळाशी आणि वर दीड-दोन इंच खडी. उलट केलंत तर टाकीचा चहा होईल. आणि शेणखत, गांडूळखत अजिबात घालू नका, अमोनियाने मासे मरतील.

रानवारा
धुण्यावरून आठवलं. भाचीने खडे धुवायला स्वयंपाकघरातली रोवळी घेतली. आजी आली, बघितलं आणि म्हणाली, "एरवी तांदळातले खडे काढतो, ही खड्यांतले तांदूळ काढतेय की काय?"

पण रोवळी खरंच उत्तम. बादलीत ढवळलं की गाळ परत खड्यांवरच बसतो, रोवळीतून तो निथळून जातो. एका वेळी दोन-तीन किलोच घ्या. खालचं पाणी नितळ येईपर्यंत. साबण, डिटर्जंट, फिनेल काहीही नको. दगडात मुरलेला साबण निघत नाही.

नदीवेडा
मी जरा वेगळं बोलतो, आणि मनापासून बोलतो. सहलीला गेल्यावर नदीतून खडी आणू नका.

कायद्याचं सोडा (विनापरवाना वाळू-खडी उचलणं गुन्हा आहेच), नदीचं बघा. पात्रातली ती गोल खडी माशांचं बाळंतघर असते. महसीर स्वच्छ, वाहत्या पाण्यातल्या खडीत अंडी घालतो. लोणावळ्याला वळवणच्या धरणाशी टाटा पॉवरचं महसीर पैदास केंद्र आहे. तिथे कृत्रिमरीत्या पिल्लं वाढवावी लागतात, कारण नद्यांमध्ये त्याला जागा उरली नाही. दुकानात झेब्रा लोच म्हणून जो पट्ट्यापट्ट्यांचा मासा मिळतो तो आपल्याच सह्याद्रीतला, कृष्णा खोऱ्यातला. जागतिक लाल यादीत तो धोक्यात आलेल्यांत आहे. आपण त्याचा तळ उचलून काचेच्या पेटीत नेतो आणि मग त्यालाही दुकानातून विकत आणतो.

१७ किलो खडी दुकानातून घ्या. कुठून येते ते विचारा. आणि एकदा घेतलेली वर्षानुवर्षं वापरा, खडी जुनी होत नाही.

कोल्हापूरकर_पंडित
@नदीवेडा, लाख बोललात. पंचगंगेच्या काठानं आता चालवत नाही.

अबोली
मधेच विचारते. माझ्या टाकीत एका कोपऱ्यात खडीखाली काळे डाग दिसतात. परवा रोप उपटलं तर कुजक्या अंड्याचा वास आला. टाकी मोडावी लागेल का?

सूक्ष्मजीवी
नाही, अबोली. त्या कोपऱ्यात पाणी फिरत नाही, प्राणवायू संपलाय आणि तिथले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड बनवताहेत. थर बारीक वाळूचा आणि जाड असेल तर हे जास्त होतं. एकदम सगळं ढवळू नका. दर आठवड्याला त्या डागाचा थोडा थोडा भाग नळीने ओढा, एअर पंप जोरात ठेवा. प्राणवायूच्या पाण्यात आलं की सल्फाइड टिकत नाही. नंतर थर पातळ करा. दाट मुळांच्या वनस्पती आणि मलेशियन ट्रम्पेट जातीच्या गोगलगायी तळ भुसभुशीत ठेवतात. या गोगलगायींची संख्या मात्र तुम्ही किती अन्न टाकता त्यावर ठरते, हे लक्षात ठेवा.

मत्स्यगंधा
मूळ प्रश्नातला साफसफाईचा भाग राहिलाय, तो सविस्तर लिहिते, कारण खरी गोम इथेच आहे.

गवंडी लेव्हल बघायला पारदर्शक नळी वापरतात, ती हार्डवेअरच्या दुकानातून दोन मीटर आणा. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीचा बूड कापा आणि तिच्या तोंडात नळी घट्ट बसवा. विकतचा सायफनही मिळतो, पण हे तेवढंच चांगलं चालतं.

हीटर आणि फिल्टर बंद करा. बादली टाकीपेक्षा खाली. नळी आधी टाकीत बुडवून पाण्याने भरून घ्या, दुसरं टोक अंगठ्याने बंद करून बादलीत सोडा. तोंडाने ओढायची गरज नाही. आता बाटलीचा रुंद भाग खडीत सरळ तळापर्यंत खुपसा. खडे बाटलीत वर उसळतात, घिरट्या घालतात, घाण हलकी म्हणून नळीतून निघून जाते. खडे फारच वर चढले तर नळी चिमटीत दाबा, ते खाली पडतात. पाणी जरा स्वच्छ दिसलं की बाटली उचला, शेजारी खुपसा.

एका वेळी अर्धाच तळ. उरलेला पुढच्या खेपेला. त्यामुळे एका बाजूचे जिवाणू कायम स्वस्थ राहतात. पाव टाकी पाणी गेलं की थांबा, मग तळ झाला असो वा नसो. आठवड्यातून एकदा. वाळू असेल तर खुपसायचं नाही, बोटभर वर धरून नुसती वरची घाण ओढायची, कारण वाळू नळीतून वाहून जाते. वनस्पतींच्या मुळांशी हात लावू नका, तिथली घाण त्यांचं खत आहे.

नवं पाणी ओतताना खडीवर एक ताटली ठेवा आणि तिच्यावर धार सोडा, खड्डा पडत नाही. पाण्यात क्लोरिन काढायचं औषध घालाच. आणि बादलीतलं ते पिवळट पाणी फेकू नका! नायट्रेट, फॉस्फेट सगळं आहे त्यात. कुंड्यांना घाला, मोगरा बघा कसा फुलतो.

नाना_सातारकर
गुलाबालाही. हे मी करत आलोय.

सईची_आई
आमच्या टाकीत आधीपासून रंगीत खडे आहेत, आता पापुद्रे सुटायला लागलेत. मासे आत आहेत. बदलायचे कसे?

मत्स्यगंधा
एकदम नको. नवी खडी धुऊन ठेवा. दर पंधरा दिवसांनी एक तृतीयांश जुने काढा, तेवढी नवी घाला. काढलेल्यांपैकी ज्यांचे पापुद्रे सुटलेले नाहीत असे मूठ-दोन मूठ खडे जुन्या मोज्यात बांधून फिल्टरजवळ महिनाभर लटकवा, म्हणजे जिवाणू नव्या खडीवर पसरतात. त्या दिवसांत अन्न कमी टाका.

पेठकर
निळे घ्या हे माझं मत मागे घेतो. काचेच्या पुढच्या बाजूला खडीच्या थरात हिरवी रेघ येते, त्याला काही उपाय?

कोल्हापूरकर_पंडित
उजेड काचेतनं खडीत शिरतो म्हणून शेवाळ येतं. टाकी खिडकीसमोर असेल तर जास्त. बाहेरच्या बाजूनं थराच्या उंचीची काळी चिकटपट्टी लावा. पंधरा दिवसांत रेघ मरते.

सुमेधा_ठाणे
घरात चर्चा झाली. गोल्डफिश नाहीत. मत्स्यगंधांचं वाचलं, शिवाय लेकीला समजावलं की ते फूटभर वाढू शकतात आणि एवढ्या टाकीत दोनच्या वर मावणार नाहीत. नळाच्या तोटीवर पांढरा थर आहेच, म्हणून प्लॅटी आणि गप्पी ठरले. करडी खडी, दोन ते तीन मिलिमीटर, १८ किलो. मागे उंच, पुढे उतरती. नवऱ्याला पांढरं हवं होतं, म्हणून एकच मोठा पांढरा गारगोटीचा दगड मध्यभागी ठेवलाय. व्हिनेगरने तपासून!

आता खडी आणि पाणी भरून तीन दिवस झाले. पाणी दुधाळ दिसतंय. खडी नीट धुतली होती, खाली नितळ पाणी येईपर्यंत. मासे आणू का?

सूक्ष्मजीवी
गारगोटी चालेल, ती सिलिका आहे. दुधाळपणा खडीच्या धुळीचा असता तर एव्हाना खाली बसला असता. हा पाण्यात तरंगणाऱ्या जिवाणूंचा उद्रेक आहे, नव्या टाकीत येतो. पाणी बदलू नका, आपोआप निवळतो. नंतर खडीवर तपकिरी बुरशीसारखा थर येईल, ते डायटम, म्हणजे एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ. तेही काही आठवड्यांत जातं.

मासे आत्ता नकोत. जमल्यास नानांसारख्या एखाद्या जुन्या टाकीवाल्याकडून मूठभर खडी ओलीच आणा, जाळीच्या पिशवीत फिल्टरपाशी टांगा. चार-सहा आठवड्यांचं काम बरंच लवकर होतं. त्यांच्या टाकीत रोग नाही ना एवढं विचारून घ्या. अमोनिया आणि नायट्राइट तपासायच्या बाटल्या मिळतात. दोन्ही शून्य आले की आधी तीन-चार प्लॅटी, बाकीचे पंधरा दिवसांनी.

नाना_सातारकर
माझा धाकटा ठाण्यातच असतो, त्याची टाकी जुनी आणि निरोगी आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मूठभर काय, किलोभर खडी देईल. डब्यात टाकीचंच पाणी घालून न्या, नळाचं नको.